जिला यायचंच नाही, तिच्यासाठी होडी

ताई, नमस्कार.

गेल्या वर्षी शिडाची होडी चालवायचा सुरुवातीचा वर्ग केला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येत नाही. घरात आम्ही पाच जण: मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि माझी आई. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून तलावावर जावं, दिवस पाण्यावर काढावा आणि संध्याकाळी घरी यावं, एवढीच हौस आहे. नवी होडी खिशाबाहेरची, म्हणून जुन्या बघतोय. तीन नजरेत भरल्यात. एक २२ फुटी, केबिनवाली, आत चार जण झोपतील अशी. मालक जवळजवळ फुकट द्यायला तयार आहे, नुकताच रंगही दिलाय. दुसरी '४२०', हलकी, चकचकीत, भरधाव पळणारी. तिसरी १९८०च्या सुमाराची १६ फुटी वेफेअरर. रंग उडालेला, शिडं मळकी, मालक गुडघ्यांमुळे विकतोय, आणि तिघींत किंमत नेमकी तिचीच जास्त! माझं मन २२ फुटीवर आहे. बायको म्हणते, 'तुम्ही जा, आम्ही काठावर बसतो.' तिला पोहता येत नाही. काय करू?

— होडीवेडा

होडीवेडे दादा,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. बायको काठावर बसणार. होडी कोणती घ्यायची ते या वाक्यापासून ठरवायला लागा. किती फुटी, किती जुनी, केवढ्याला हे सगळं त्यानंतर.

एवढ्या खात्रीनं सांगते, कारण काठावर बसणारी बाई मीच होते. आमच्याकडे पहिली होडी आली ती नवऱ्याच्या हौसेनं. दोघांची, शर्यतीची, तुमच्या ४२०ची चुलत बहीण म्हणा. पहिल्याच दिवशी वाऱ्यानं मागून बाजू बदलली, आणि बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेला असते ती आडवी काठी, सपकन या बाजूची त्या बाजूला गेली. वाटेत माझं डोकं होतं. नवरा 'वाक!' म्हणून ओरडला खरा, पण मी 'काय?' म्हणून वर बघितलं. कपाळाला टेंगूळ, बुडाखाली पाणी आणि दोन्ही हातांत कशाचे कोण जाणे असे दोन दोर. पुढे वर्षभर मी त्या होडीकडे फिरकले नाही. मी नाही म्हणून मुलं नाहीत, मुलं नाहीत म्हणून नवराही नाही. होडी ताडपत्रीखाली पडून राहिली. हौशी लोकांच्या बहुतेक होड्यांचं असंच होतं. त्या बुडत नाहीत, नुसत्या पडून राहतात, आणि मग तुमच्यासारख्या कुणाला तरी 'जवळजवळ फुकट' मिळतात.

म्हणून आमच्या घरात आता नियम आहे की होडी पसंत करायचा शेवटचा हक्क सगळ्यात नाखूश माणसाचा. त्याला जी चालेल ती बाकीच्यांना आपोआप चालते. उलटं कधी होत नाही.

आधी ४२० निकालात काढू. नावावर जाऊ नका, फसवाफसवीशी तिचा संबंध नाही. लांबी ४.२० मीटर म्हणून ४२०. क्रिस्तियाँ मोरी या फ्रेंच माणसानं १९५९ मध्ये ती आखली आणि ती उत्तम होडी आहे, पण दोघांची. शिडं-काठ्या सोडल्या तर तिचं वजन ८० किलोच्या आसपास. तुम्हा पाच जणांचं मिळून त्याच्या तिप्पट भरेल. शिवाय वारा वाढला की दोघांपैकी एकानं कमरेला पट्टा बांधून, डोलकाठीवरून आलेल्या तारेला लटकून, होडीच्या बाहेर उभं राहायचं असतं. तुमच्या आई तिथे उभ्या राहणार आहेत का? मुलगी पंधरा-सोळाची झाली आणि तिला वेगाचं वेड लागलं, तर त्या वेळी अशी होडी बघू.

आता तुमचं मन जिच्यात अडकलंय ती.

आमची दुसरी होडी अशीच होती. २० फुटी, केबिनवाली, नुकताच रंग दिलेली, स्वस्त आणि मालक गोडबोल्या. फायबरची होडी कुजत नाही असं आम्ही ऐकून होतो. फायबर कुजत नाही हे खरंच. पण या होड्यांचा वरचा डेक पुष्कळदा भरीव फायबरचा नसतो. दोन पातळ थरांच्या मधे हलकं बाल्साचं लाकूड किंवा प्लायवूड घातलेलं असतं, सँडविचसारखं. कड्या, क्लीट म्हणजे दोर अडकवायचे खुंट, कठड्याचे खांब बसवायला त्याच डेकला भोकं पाडतात. भोकांत भरलेलं सीलंट काही वर्षांनी सुकून तडकतं आणि पावसाचं पाणी थेंबाथेंबानं मधल्या लाकडात मुरत जातं. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. आत लाकडाचा लगदा झालेला असतो.

हे ओळखायला एक नाणं पुरतं. मला ते कळलं तेव्हा पैसे देऊन दोन महिने झाले होते. एक वयस्क कारागीर कसलीशी किरकोळ दुरुस्ती करायला आला होता. बूट काढून डेकवर चढला, खिशातून नाणं काढलं आणि डोलकाठीच्या पायापासून वीत-वीत अंतरानं वाजवत पुढे सरकायला लागला. टक्, टक्, टक्. कोरडा, टणक आवाज. एका कडीपाशी पोचला आणि आवाज बदलला. थप्. ओल्या पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. त्यानं खडूनं तिथे फुली मारली. पुन्हा टक्, टक्, थप्. थप्. थप्. पंधरा मिनिटांनी नव्याकोऱ्या पांढऱ्या रंगावर फुल्यांची रांगोळी झाली होती. त्यानं नाणं खिशात टाकलं आणि इतकंच विचारलं, 'रंग कुणी दिला म्हणालात?'

तो डेक उघडून नवा करायचा खर्च होडीच्या किमतीच्या वर जात होता. ती दोन मोसम जागच्या जागी उभी राहून भाडं खात बसली आणि शेवटी आम्ही ती जवळजवळ फुकट देऊन टाकली. घेणाऱ्याला फुल्यांसकट दाखवून दिली, एवढं मात्र लिहून ठेवते. तेव्हापासून विकायच्या तोंडावर दिलेला रंग बघितला की मला खालचं काय असेल तेच दिसतं. तुमच्या वेफेअररचा उडालेला रंग त्या हिशेबानं तिच्या बाजूचा साक्षीदार आहे. तिच्या अंगावर जे झालंय ते उघड दिसतंय.

समजा २२ फुटीचा डेक ठणठणीत निघाला. तरी माझं उत्तर नाहीच. एवढी होडी ट्रेलरसकट टनाच्या वर जाते, म्हणजे ती ओढायला तशी गाडी हवी किंवा ती पाण्यातच ठेवायला वर्षाच्या भाड्यानं जागा हवी. पाण्यात ठेवली की बुडाला शेवाळ, ते खरवडायचं, पुन्हा तिथला खास रंग लावायचा. या आकाराच्या बऱ्याच होड्यांना बुडाखाली वर-खाली होणारी लोखंडी कील, म्हणजे तोल सांभाळणारं जड पातं, असते. तिचं शेकड्यानं किलो वजन एका खिळीवर आणि एका तारेवर तोललेलं असतं, आणि ती तार कधी बदलली हे मालकाला सहसा आठवत नाही. शिवाय बहुतेक वेळा पाठीमागे इंजिन लागतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार.

पण खर्चापेक्षा मला घड्याळाची काळजी जास्त. गाडी काठाला लागल्यापासून शीड वर जाईपर्यंत किती वेळ लागतो? ट्रेलरवरून आणलेल्या २२ फुटीची लांबलचक डोलकाठी उभी करायची, तारा ताणायच्या, होडी उतरवायची, यात नवशिक्याचे दोन तास सहज जातात. तोवर सात वर्षांचा मुलगा 'निघायचं कधी?' तीस वेळा विचारून झालेला असतो आणि बायकोला आपलं म्हणणं खरं होतं असं वाटायला लागतं. संध्याकाळी तेवढाच उपद्व्याप उलट्या क्रमानं. झोपायच्या चार जागांचं म्हणाल, तर तुम्हीच लिहिलंय की संध्याकाळी घरी यायचंय.

उरली वेफेअरर. माझं मत विचाराल तर निवड झालेली आहे, फक्त तपासणी बाकी आहे.

इंग्लंडच्या इयान प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये आखलेली ही होडी. लांबी ४.८२ मीटर, वजन १६९ किलो. हे वजन मोलाचं आहे. पाय ठेवल्याबरोबर ती डगमगत नाही, आणि तरी ट्रेलरवर असताना दोन मोठी माणसं तिला पाण्यापर्यंत ढकलत नेऊ शकतात. पोटातून खाली जाणारं सेंटरबोर्डाचं पातं वर घेतलं की वीतभर पाण्यातही ती तरंगते, म्हणजे होडी अगदी काठाशी आणून आईंना गुडघाभर पाण्यात न उतरवता आत घेता येईल. पुढे-मागे हवाबंद टाक्या आहेत, त्यात पाणी शिरलं नसेल तर उलटली तरी बुडत नाही. फ्रँक डाय नावाच्या गृहस्थांनी १९६३ मध्ये एका सोबत्याला घेऊन याच जातीच्या उघड्या होडीतून स्कॉटलंडहून आइसलंड गाठलं होतं, आणि पुढच्या वर्षी नॉर्वे. वाटेतल्या वादळात होडी पुन्हा पुन्हा उलटूनही. तुम्ही असलं काही करायचं नाहीये. तलावावरच्या तुमच्या दिवसाला ती पुरून उरेल, एवढंच सांगायचंय.

मालक गुडघ्यांमुळे विकतोय हेही मला फार आवडलं. विकायचं कारण माणसात असावं, होडीत नसावं. आणि किंमत जास्त असण्याचं कारण बहुधा साधं आहे: ती चालती होडी आहे. बाकीच्या दोघींत तुम्ही खर्चाची सुरुवात विकत घेताय.

बघायला जाल तेव्हा कोरड्या दिवशी, भरपूर उजेडात जा आणि होडी ट्रेलरवर असू द्या. आधी शिडं. मळाकडे दुर्लक्ष करा. कापडाचा कोपरा मुठीत चुरगळा. दम असलेलं पॉलिस्टरचं शीड खळ दिल्यासारखं करकरतं, थकलेलं धुवट साडीसारखं गप्प बसतं. मग शिवणीवर नख ओढा. उन्हानं कापडाच्या आधी धागा मरतो. नखाला धागा तुटला पण कापड करकरतंय, तर पुन्हा शिवून घेता येतं, फार खर्च नाही. कापडच गेलं असेल तर शिडाला पोट सुटतं, आणि पोट सुटलेलं शीड होडीला पुढे नेण्याऐवजी नुसतं कलंडवतं. नवी शिडं म्हणजे अशा होडीतला सगळ्यात मोठा एकरकमी खर्च, तो किमतीतून मागायचा. मोठ्या शिडावर आडव्या ओळीत भोकं किंवा बंद आहेत का तेही बघा. वारा वाढला की तिथून शीड बांधून आखूड करतात, त्याला रीफ म्हणतात. नसतील तर कुठलाही शीड शिवणारा बसवून देईल. तुमच्या बायकोच्या दृष्टीनं होडीवरची ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे, का ते पुढे येईलच.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांवरून जुनं फडकं फिरवा. बोट नको. तुटलेला एखादा बारीक धागा बाहेर आला असेल तर तो फडक्याला पकडतो, आणि बोटालाही. अशी तार दिसली तर वाद न घालता बदलायची. या आकाराच्या होडीला तारा महाग पडत नाहीत, डोलकाठी पडली तर पडते.

आता तीन-चार बादल्या पाणी मागा आणि होडीच्या पोटात ओता. मालक चमकेल, चमकू द्या. होडी बाहेरून आत गळते तशी आतून बाहेरही गळते, आणि कोरड्या बुडावर थेंब कुठून येतो ते खाली वाकून बघणं सोपं असतं. सेंटरबोर्डाची पेटी आणि त्याची खिळी इथे बहुतेक वेळा ओल सापडते. खिळीपाशी टिपटिप असेल तर वॉशर बदलून भागतं. पेटी बुडाला जिथे जोडलेली असते तिथे लांब चीर असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पातं चार-पाच वेळा खाली-वर करा, अडकता कामा नये. मग टाक्यांची बुचं उघडा. आतून पाणी आलं तर ते कुठून गेलं हा पुढचा प्रश्न. तीस लीटर पाणी म्हणजे तीस किलो. तुमच्या मुलीएवढी एक बिनतिकिटाची प्रवासी तुम्ही नेत असता आणि होडी जड का चालते ते कळत नाही, आणि उलटल्यावर तरंगायचं ज्याच्या भरवशावर ती हवा तेवढीच कमी. डेकवर नाणं वाजवायला विसरू नका. बुडावर ओरखडे, फिकट पडलेला थर, कड्यांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतील. वयाच्या खुणा आहेत, त्यावर झोप उडवू नका. दाबल्यावर लवणारी जागा मात्र सोडू नका.

सुकाणू हलवून बघा, ते ज्या कड्यांत बसतं त्या खिळखिळ्या नसाव्यात आणि सुकाणू वर उचकटू नये म्हणून लहानशी चाप असते ती जागेवर असावी. कागदावरचा क्रमांक आणि होडीवरचा क्रमांक एकच आहे ना, एवढं बघा आणि तो विषय संपवा.

ट्रेलरकडे कुणीच बघत नाही. होडी तलावात बिघडली तर वल्ह्यानं परत येता, ट्रेलर रस्त्यात बिघडला तर होडीसकट रस्त्यात. चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा आणि कान लावा. घरघर आली तर बेअरिंग गेलं. ती पाण्यात बुचकळून बुचकळून जातातच, स्वस्तात बदलतात, फक्त बदलायला हवीत. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. '३२१५' म्हणजे २०१५ सालचा ३२वा आठवडा. अशा ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. दहा वर्षांपलीकडचे असतील तर नक्षी कितीही छान दिसो, बदला.

हे सगळं करूनही ती हातची गेली, तर हळहळू नका, तिच्या जातीच्या आणखी आहेत. अमेरिकेत १९५८ पासून बनत आलेली डे सेलर, १७ फुटांना जरा कमी, पुढे सामान ठेवायला आडोसा. जॅक होल्ट यांची १९४९ची जीपी १४, लहान पण शहाणी, चौघांना दाटीवाटीनं पुरते. आणि मिळालीच कुठे तर ड्रॅसकोम लगर. पावणेएकोणीस फुटांची, वजनदार, सावकाश, पण तिच्या मुख्य शिडाला बूमच नाही. माझ्यासारख्या टेंगूळवालीनं ती आधी बघितली असती तर या सदरात इतकं लिहावं लागलं नसतं. दोन पडावांना जोडून मधे जाळी ताणलेले कॅटॅमरान मात्र सध्या नकोत. मजा अफाट, पण अंगावर कोरडा धागा राहत नाही, आणि मुलगा सातच वर्षांचा आहे.

बजेट करताना सगळी रक्कम होडीत घालू नका, तिसरा हिस्सा बाजूला ठेवा. त्यातला पहिला खर्च लाइफ जॅकेटांचा, आणि ती जुनी घ्यायची नाहीत. पोहता येणाऱ्याला काठाजवळ ५० न्यूटनचं जॅकेट चालतं (न्यूटन हे तरंगवायच्या ताकदीचं माप). ते तरंगायला मदत करतं, पण तोंड वर ठेवण्याची हमी देत नाही. पोहता न येणाऱ्याला आणि लहान मुलाला १०० न्यूटनचं किंवा त्याहून जास्तीचं, मानेमागे कॉलर असलेलं हवं, म्हणजे तुमच्या मुलाला आणि तुमच्या बायकोला. मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. घातल्यावर खांद्यांना धरून त्याला उचलून बघा, जॅकेट कानापर्यंत वर आलं तर मोठं होतंय. 'वाढत्या अंगाचं' हे गणवेशाला ठीक.

आणि बायकोला पोहायला शिकायचं असेल तर उत्तम, पण ती अट घालू नका. तिच्या भीतीवर माझ्याकडे दुसरा उपाय आहे, तो माझ्यावर झालेला आहे.

आमच्या तिसऱ्या होडीच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही ती मुद्दाम उलटवली. छातीभर पाणी, वारा नाही, शिकवणारा बाजूला उभा, सगळ्यांच्या अंगात जॅकेटं. माझी समजूत होती की फुंकर मारली की होडी उलटते. आम्ही चौघं एका काठावर चढून बसलो तरी ती नुसती तिरकी झाली. शेवटी शीड वर चढवायचा दोर बाहेर उभं राहून जोर लावून ओढावा लागला, तेव्हा कुठे ती आडवी पडली. सावकाश, म्हैस बसते तशी. मग शिकवणाऱ्यानं मला सेंटरबोर्डावर उभं राहायला सांगितलं. मी काठ धरून मागे रेलले. होडी एक क्षण अडून बसली, शिडातून पाणी निथळायला लागलं, आणि मग डोलकाठी पाण्यातून सुटून वर आली ती माझ्या एकटीच्या वजनानं. त्या दिवशी मला पोहायला आलं नाही, पण उलटली तर काय होतं हे कळलं: आधी डोकी मोजायची, होडी सोडायची नाही, मग ती उभी करायची. तेव्हापासून काठावर बसणं बंद झालं. हे सगळं शिकवणाऱ्याच्या देखरेखीत करा, आणि बायको हो म्हणाली तरच. तिनं आधी नुसतं बघितलं तरी पुष्कळ.

वाऱ्याचं एक गणित तिला आणि मुलांनाही सांगा. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो. १० नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वारा १४ नॉट झाला की शिडावरचा दाब दुप्पट होतो, आणि नवशिक्याला वाटतं वारा 'जरासा' वाढलाय. म्हणून रीफ पाण्यात गेल्यावर घ्यायचा नसतो, शंका आली की काठावरच घ्यायचा. पहिल्या मोसमात तलावावर जिकडेतिकडे पांढरा फेस दिसायला लागला की गाडीतून उतरायचंसुद्धा नाही. आमच्याकडे फेस बघायचं काम धाकट्याकडे होतं. तो कडक होता, बापाची रदबदली चालायची नाही.

पाचही जण एकदम नेऊ नका, निदान पहिल्या मोसमात. १६ फुटांत दोघं चालवणारे आणि दोघं बसणारे बरे मावतात, पाचवा माणूस नेमका ज्या दोराची गरज असते त्यावर बसतो. दोन फेऱ्या करा. आईंना मंद वाऱ्याच्या दिवशी, मधे, खाली, बुडाशी उशी टाकून बसवा आणि बूम डोक्यावरून किती उंचीनं जाते ते काठावरच हातानं फिरवून दाखवा. कितीदा असं होतं की आजी खूश असतात आणि सगळी काळजी मुलालाच असते.

इंजिन सध्या नको. एक वल्ह्यांची जोडी, त्याशिवाय एक हातवल्हं, नांगर आणि त्याचा लांब दोर, पाणी उपसायला दोरीनं बांधलेली बादली. न बांधलेली बादली उलटल्यावर सगळ्यात आधी निघून जाते. आणखी एक, हे हसण्यावारी नेऊ नका: डोलकाठी उभी करायच्या आधी दर वेळी, दर वेळी वर बघा. डोलकाठी ॲल्युमिनियमची, तारा पोलादाच्या, आणि तलावाच्या काठावरून विजेच्या तारा जातात. उभी डोलकाठी ठेवून होडी ट्रेलरवर ढकलतानाही तेच.

पैसे द्यायच्या आधी वेफेअररमधून एक फेरी मागा. मालकाचे गुडघे दुखत असतील तर तुमच्या शिकवणाऱ्याला सोबत न्या आणि मालकाला काठावर खुर्ची द्या. असे लोक काठावरून खूप सांगतात आणि त्यातलं बरंच वर्गात शिकवत नाहीत. कुठला दोर कुठे अडकतो, कुठली कडी वारा वाढला की सुटते, हे त्याच्याकडून लिहूनच घ्या.

२२ फुटीच्या मालकाला आजच नाही म्हणून कळवा, म्हणजे रविवारपर्यंत तुमचं मन पुन्हा तिकडे ओढलं जाणार नाही. आणि वेफेअरर बघायला जाताना बायकोला सोबत न्या. बादल्या तुम्ही उचला, नाणं तिच्या हातात द्या.

— ताई